उंदरांना मिठाचं पाणी

नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घेऊ न्हाई म्हणतेत. मी घेणार. मडिवाळप्पा. घेतलं बगा, आभाळ कोसळलं का? ज्या माणसानं वर्षभर मला न सांगता माझ्या ताटात औषध मिसळलं, त्याचं नाव चारचौघांत घेतलेलंच बरं.

आधीच सांगते, माणूस वाईट न्हाई. वाईट असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, कुणाच्या लेकीबाळीकडं वाकडी नजर न्हाई. सकाळी आंघोळ करून, कपाळभर विभूती ओढून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाईत. पण शहाणपणा? शिवशिवा! तो ह्यांच्या वाट्याला लई उशिरा आला, आन आला तो बी उंदरांकडनं आला.

कलबुर्गीत एक खाजगी फार्मसी कॉलेज हाय, तिथला उंदीरखाना हे सांभाळतेत. कॉलेजवाल्यांनी दारावर इंग्रजीत काहीतरी भारी पाटी लावलीय, पण आमच्या गल्लीत उंदीरखानाच म्हणतेत. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. हे त्यांचे पिंजरे धुतेत, खालचा भुस्सा बदलतेत, खाणं घालतेत, पाण्याच्या बाटल्या भरतेत. हे मूळचे निर्णा गावचे. तिथलं शेत थोरले दीर बघतेत. ह्यांना शेतात पाठवलं की बांधावर बसून मुंगळ्यांची रांग बघत बसायचे, म्हणून सासऱ्यांनीच म्हणलं, ह्याला शहरात धाडा. शहरात आले, तिथं बी देवानं जनावरंच दिली.

कामाच्या पहिल्याच दिवशी उंदीर अंगठ्याला चावला. हे पट्टी बांधून गल्लीभर हिंडले, लढाईवरनं आल्यागत. पुढं कॉलेजनं पांढरा कोट दिला. झालं! तो कोट काय अंगावरनं उतरेना. भाजी आणायला कोट, दळण आणायला कोट. आमच्या शैलश्रीला बघायला पाहुणे आले, तर दारात हे कोट घालून उभे. पाहुण्यांनी हात जोडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मुलीचे वडील कुठं हायेत?" ह्यांनी सांगावं का न्हाई की मीच म्हणून? न्हाई सांगितलं. "बसा, येतेत," म्हणाले, आत गेले, कोट काढला आन परत बाहेर आले. ती सोयरीक जमली न्हाई. कामून, ते तुम्हीच समजा.

आन मी भागम्मा. मेहकरची, भालकी तालुक्यातली. माहेरी मराठी, सासरी कानडी आन मराठीची खिचडी. दोन्ही भाषेत मला भांडता येतंय, हसता येतंय, आन कुणी काय सांगितलं तर समजून घेता येतंय. हे ध्यानात असू द्या, पुढं कामाला येणार हाय.

माझ्या डोक्याचा एक आजार हाय. लपवायचं कामून? साखर असती, बीपी असतं, तसा हा बी आजारच. कधी डोकं चढतंय, कधी उतरतंय. चढलं की मी महाराणी. एकदा अशीच चढलेली असताना अख्ख्या गल्लीला पुरणाच्या होळगीचं जेवण सांगून आले. घरात ना डाळ ना गूळ. बायका नटूनथटून, पोरंसोरं घेऊन दारात, आन मी ओट्यावर उभी राहून भाषण ठोकायलेय की आजपासनं ह्या गल्लीत कुणी उपाशी राहणार न्हाई. सगळ्या उपाशीच परत गेल्या. मंग उतरलं, तशी भिंतीकडं तोंड करून पडले ती पडलेच. शैलश्री वेणी घालायची, घास भरवायची. त्या दिवसांत ह्यांनी स्वयंपाक केला, माझ्या साड्या धुतल्या, आन कुणी विचारलं तर "तिला ताप हाय" म्हणून सांगितलं. हे बी सांगायला पाहिजे, न्हाई तर तुम्ही म्हणाल भागम्मा एकतर्फी बोलायलीय.

मंग दवाखान्यातल्या श्रीदेवी मॅडमनी गोळी सुरू केली. लिथियम. तहान लई लागायची, हात जरा थरथरायचे, तोंडाला पत्रा चाटल्यागत चव यायची. पण डोकं जागेवर राहायचं. मॅडम मधून मधून रक्त तपासायच्या, मी बी वेळच्या वेळी घ्यायची. बरं चाललं व्हतं.

आन मंग प्रभुलिंग सरांना संशोधन सुचलं. प्रभुलिंग सर म्हणजे कॉलेजातले ह्यांचे साहेब. पीएचडी करायलेत. लई वर्षांपासनं करायलेत, दाढी पिकली पण पीएचडी पिकेना. त्यांनी विषय काढला तो असा: हेच लिथियम उंदराला कुठल्या रीतीनं दिलं की उंदीर कसा वागतो. काही उंदरांच्या पोटात सुई टोचायची. काहींच्या खाण्यात मिसळायचं. काहींच्या पाण्याच्या बाटलीत कालवायचं. आन काहींना काहीच न्हाई, त्यांनी नुसतं बसून खायाचं, आमच्या थोरल्या दिरांगत.

पहिल्याच दिवशी हे उड्या मारत घरी आले. मी ताटं वाढायले व्हते.

"भागम्मा, ऐकलीस का? तुझीच गोळी! सरांनी आमच्या उंदरांना तुझीच गोळी चालू केलीय!"

बक्षीस लागल्यागत सांगितलं बगा. माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

"म्हणजे मी उंदीर हाय व्हय?"

"तसं न्हाई गं. उंदराचं आन माणसाचं लई जमतंय, म्हणून..."

"मी उंदरागत हाय का उंदीर माझ्यागत हाय, ते आधी तुमच्या सरांना विचारून या."

त्या दिवसापासनं मी गोळी बंद केली. येडेपणा म्हणा, हट्ट म्हणा. राग आलता आन राग खरा व्हता. जी गोळी मी देवाचं नाव घेऊन गिळायची, ती पिंजऱ्यातल्या उंदरांच्या पोटात टोचायलेत, आन वर माझा नवरा त्याचे पेढे वाटायच्या बेतात.

आता साधा माणूस काय करंल? बायकोजवळ बसंल, म्हणंल, भागम्मा, माझं बोलणं चुकलं, पण गोळी सोडू नको बाई, मला भ्याव वाटतंय. तेवढ्यावर मी विरघळले असते. पण हे साधे कुठं! हे आता संशोधक झालते.

रोज जेवताना उंदरांच्या बातम्या. सुईवाले उंदीर कोपऱ्यात पोट टेकून बसतेत, सरांचा हात दिसला की लेंड्या टाकतेत. औषध न घालता नुसतंच पाणी टोचलं तरी तसंच करतेत, म्हणजे औषधाला न्हाई, सुईला आन हाताला भ्यालेत. पाण्यातनं घेणारे ढसाढसा पितेत आन मुतून पिंजरा बुडवतेत. खाण्यातनं घेणारे त्यातल्या त्यात शांत. फक्त एकदा का त्या खाण्यानं पोट ढवळलं, की पुन्हा ते खाणं हुंगतेत आन सोडून देतेत, वाळून जातेत पण तोंड लावत न्हाईत. "औषध तेच असतंय, शैलू," हे बोट वर करून लेकीला सांगायचे, "रीत बदलली की वागणं बदलतंय." हे वाक्य सरांचं. सर ते कुठल्याशा परिषदेत पडद्यावर दाखवून टाळ्या घेऊन आले. मडिवाळप्पांनी ते घरी आणलं.

घरी उंदीर एकच व्हता.

पहिली रीत, धरून द्यायची. मी अंगणात तूर पाखडायलेय, तर मागनं येऊन ह्यांनी माझी मान बगलेत धरली आन गोळी तोंडात कोंबायला लागले. मी चावले. उंदीर चावलेल्या त्याच अंगठ्याला चावले. पुन्हा पट्टी, पुन्हा गल्लीत हिंडणं, पण ह्या वेळी कोण चावलं ते कुणाला सांगितलं न्हाई. दुसरी रीत, पाण्यात कालवायची. माझ्या तांब्यात गोळीचा चुरा टाकला, तर पांढरा गाळ खाली बसलेला दिसला. मी म्हणलं, नळाला चुना यायलाय, आन तांब्या तुळशीत ओतला. तुळस चांगली हाय अजून, काळजी करू नका.

मंग तिसरी रीत. त्यासाठी आमच्या घरची एक चाल तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्यात ताटात वाढलेलं म्हणजे प्रसाद. त्यातलं शीत उरवायचं न्हाई. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आन ते पाणी बी पिऊन टाकायचं. हल्लीची पोरं करत न्हाईत, मी करते. तापात असो, रडत असो, डोकं चढलेलं असो का उतरलेलं, माझं ताट घासल्यागत उठतंय. मडिवाळप्पांनी विचार केला असंल, उंदीर खाणं उरवतो, भागम्मा उरवत न्हाई.

एक दिवस हे स्वयंपाकघरात आले. ह्या माणसानं मी आजारी नसताना कधी चुलीकडं बघितलं न्हाई. "आजपासनं शेंगाचटणी मी करणार," म्हणाले. शेंगदाणे भाजले, लसूण सोलला, तिखट-मीठ घातलं आन खलबत्त्यात कुटायला बसले. दाण्यांसंगं आणखी काय कुटायलेत ते मला काय ठाऊक. वाढायचं बी स्वतःच. "ही तुझ्या वाटणीची," म्हणून माझ्या ताटात वेगळ्या वाटीतनं. गोळ्या हेच दवाखान्यातनं आणायचे. "भागम्मा माहेरी गेलीय, बरी हाय," म्हणून मॅडमना थाप मारायचे, त्यामुळं रक्त तपासायचं ते बी बुडालं.

शैलश्रीला ठाऊक व्हतं. शेजारच्या रेणुकाला ठाऊक व्हतं. प्रभुलिंग सरांना तर ठाऊक व्हतंच, ह्यांनी पोटात ठेवलं असंल तर मी नाव बदलून ठेवते. ठाऊक नसलेली अशी एकच, जिच्या पोटात ते जायलं व्हतं ती.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माणूस सुधारला. इतक्या वर्षांनी ह्याला बायकोची माया आली. रोज संध्याकाळी खलबत्त्याचा आवाज आला की मला आतनं बरं वाटायचं. मी रेणुकाला म्हणलं, "बायकोसाठी चटणी कुटणारा नवरा कलबुर्गीत दुसरा दाखव." ती पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, जळायलीय.

आन डोकं जागेवर! ना चढलं ना उतरलं. गोळीबिगर! दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा गेला, मी आपली शहाण्या माणसागत. हात थोडे थरथरायचे, तहान लागायची, पण ते वयाचं असंल म्हणलं. ही सगळी देवाची कृपा. श्रावण लागला तशी मी माहेरच्या महादेवाला बोलून बसले: तू मला गोळीबिगर बरं केलंस, मी हा महिनाभर अळणी खाईन, मिठाचा खडा जिभेला लावणार न्हाई.

मडिवाळप्पांनी काय म्हणावं? "लई चांगलं. देवाचं देवाला." आन माझ्यासाठी वेगळी अळणी चटणी कुटायला घेतली. लसूण जास्ती, तिखट जास्ती, मीठ न्हाई. बाकी जे घालायचं ते व्हतंच.

इथं उंदरांचं एक गणित ऐका. लिथियम पोटात जायलं असंल तर अंगाला मीठ लागतंय. मीठ कमी पडलं की ते औषध अंगातनं बाहेर निघत न्हाई, साठत जातंय, आन जनावर मरतंय. म्हणून सरांनी लिथियमवाल्या पिंजऱ्यांना दुसरी एक बाटली लावायला लावली व्हती, मिठाच्या पाण्याची. ती रिकामी राहता कामा न्हाई, असा हुकूम. हे मला दवाखान्यात कळलं असं समजू नका. मला त्येव्हा बी ठाऊक व्हतं, कारण हेच जेवताना सांगायचे. मला ठाऊक नव्हतं ते इतकंच, की मी बी त्याच पिंजऱ्यातली हाय.

एकदा कॉलेजातलं मीठ संपलं. ह्यांनी आमच्या फळीवरचा डबा उचलला, "तुला तर ह्या महिन्यात लागायचं न्हाई," म्हणाले, बापलेकीपुरतं वाटीत काढून ठेवलं आन डबा घेऊन गेले. संध्याकाळी आले ते डोळे भरून.

"आज एक उंदीर जायाचाच व्हता गं. बाटली रिकामी राहिली व्हती. मान टाकलेली, पाय थरथर कापायलेत. मी तुझं मीठ कालवून बाटली लावली, ड्रॉपरनं थेंब थेंब पाजलं. निघताना बघितलं तर उठून बसलाय."

"बिचारा," मी म्हणलं.

"मुकं जनावर. त्याला सांगता येतंय का, माझ्या अंगात काय व्हायलंय ते? आपणच ओळखायचं असतंय." आन असं म्हणत म्हणत माझ्या ताटात अळणी चटणीचा आणखी एक चमचा वाढला.

मी खाल्ली. ताट धुऊन पाणी बी प्याले.

श्रावण सरत आला तसे माझे हात असे थरथरायला लागले की भाकरी थापावी तर परातीबाहेर जायची. चालताना भिंत धरायची. उलट्या, जुलाब. जीभ तोंडात लडबडायची, शब्द एक बोलावं तर दुसराच निघायचा. रेणुका म्हणली, व्रताचं तेज आलंय. ह्यांनी म्हणलं, अळणी खाऊन तोंडाची चव गेलीय, चटणी जरा जास्ती खा. वाढली बी जास्ती. चौथ्या घासाला माझ्या हातनं वाटी पडली आन मी ताटावरच वाकडी झाले. शैलश्री ओरडली, "अप्पा, बस्स करा आता!" आन तिनंच पळत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात हे कोट घालूनच. वाटेत दोन पेशंटांनी ह्यांना नमस्कार केला.

श्रीदेवी मॅडमनी माझे डोळे बघितले, हात पुढं करायला लावले. "भागम्मा, किती दिवसांनी दिसायलीस! गोळ्या कुठल्या घेतीस सध्या?"

"कुठल्याच न्हाई, मॅडम. वर्षभरात एक न्हाई." जीभ जड व्हती, तरी हे मी नीट सांगितलं. अभिमानानं सांगितलं.

रक्त काढून नेलं. मॅडम परत आल्या, त्या माझ्याकडं न बघता ह्यांच्याकडं बघायलेल्या. "हिच्या रक्तात लिथियम हाय. फार हाय. कुठनं आलं?"

शैलश्री फरशीकडं बघायली. मडिवाळप्पा कोटाची गुंडी काढायले, लावायले.

"खाण्यातनं, मॅडम," हे शेवटी म्हणाले. "चटणीतनं."

"तिला न सांगता?"

"सांगितलं तर घेत न्हाई की."

"आन मीठ? जेवणात मीठ व्हतं का?"

"श्रावणाचं अळणी व्रत हाय तिचं. महिना होत आला."

मॅडमनी ह्यांच्या कोटाकडं बघितलं. "तुम्ही काम काय करताय?"

"फार्मसी कॉलेजात असतो, मॅडम. उंदीर सांभाळतो. लिथियमवरच संशोधन हाय आमचं." सवयीनं छाती जरा पुढं आली.

"उंदरांना लिथियमसंगं मीठ देताय का?"

"देतो की, मॅडम! रोज देतो. दुसरी बाटलीच असती, आजवर मी ती कधी रिकामी..."

तिथं थांबले. तोंड उघडंच राहिलं. मला हसू आलं असतं, पण मला त्येव्हा रडू आलं. मरायचं भ्याव वाटलं म्हणून न्हाई. मला तो खलबत्त्याचा आवाज आठवला. वर्षभर मी तो कान देऊन ऐकला व्हता, आन रेणुकापाशी त्याची बढाई मारली व्हती. सगळ्या गल्लीला ठाऊक व्हतं, हा चटणी कशासाठी कुटायलाय. मी एकटीच त्याला माया समजून ताट धुऊन पीत व्हते. लई रडले मी. शैलश्री हात धरायला आली, तिचा बी हात झिडकारला.

नर्सनं उशाला लोखंडी दांड्यावर बाटली टांगली, नळी हाताला लावली. मी विचारलं, "काय हाय ह्यात? आता मी विचारल्याबिगर काय घेत न्हाई."

"सलाईन, अक्का. मिठाचं पाणी."

मडिवाळप्पा त्या बाटलीखाली उभे राहिले ते राहिलेच. बाटली रिकामी व्हायला आली की पळत जाऊन नर्सला सांगायचे. त्या कामात ह्यांचा हात धरणारा कोण न्हाई.

बघायला प्रभुलिंग सर बी आले, मोसंबी घेऊन. खुर्चीवर बसले, पुढं वाकले, डोळे चमकायलेत. "कसं हाय अक्का आता? तहान केव्हापासनं वाढली? आन चटणी सुरू केल्यावर तुमच्या वागण्यात काय काय फरक..."

"सर," मी म्हणलं, "पिंजरा संगं आणलाय का?"

सर मोसंबी ठेवून निघून गेले. मोसंबी गोड निघाली, खोटं कामून बोलू.

घरी सोडताना मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. गोळी पुन्हा लागणार, कमी ताकदीची, रक्त तपासून. मीठ नेहमीसारखं खायाचं, महादेवाला मी सांगते म्हणाल्या. "आन गोळी घ्यायची का न्हाई ते भागम्मा ठरवंल. लपवून कुणी द्यायची न्हाई." हे मान हलवायलेत, हलवायलेत, थांबेनात.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला ह्यांनी पुन्हा खलबत्ता काढला. चटणी केली, वाढली. "बसवण्णाची शपथ, भागम्मा, ह्यात काय न्हाई. दाणे, लसूण, तिखट, मीठ. शैलूला विचार, तिच्यासमोर कुटलीय."

खरं बोलायलेत ते मला ठाऊक व्हतं. मी घास नाकाशी नेला. लसणाचा तो वास आला आन पोटात असं ढवळलं की घास ताटात ठेवावा लागला. भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली. ताटात पाणी घातलं न्हाई. लगीन होऊन आल्यापासनं पहिल्यांदा माझ्या ताटात काहीतरी उरलं, आन ती चटणी व्हती.

हे त्या ताटाकडं बघत बसले. मंग हळूच म्हणाले, "आमच्या खाण्यावाल्या उंदरांचं बी..."

"बोला की. काय उंदरांचं?"

हे ताटातली चटणी बोटानं कडेला करायले.

"मी बोलते मंग," मी म्हणलं. "उंदराला सांगता येत न्हाई. म्हणून त्याला टोचतेत, त्याच्या पाण्यात कालवतेत, खाण्यात लपवतेत. मला कानडी कळतंय. मराठी कळतंय. हळू सांगितलं तर कळतंय, ओरडून सांगितलं तर बी कळतंय. तीन तीन रीती करून बघितल्या, मान धरलीत, तांब्या नासवलात, देवाच्या प्रसादात घातलंत. नुसतं सांगून बघायचं, ही रीत कामून सुचली न्हाई तुम्हाला? आन त्या पीएचडीवाल्याला?"

शैलश्री रडायला लागली. हे उठले, कपाटातनं गोळी आणली, पाण्याचा तांब्या आणला आन माझ्यासमोर जमिनीवर बसले. कोट अंगावर नव्हता, ते मला त्येव्हा दिसलं. माझा हात ओढून घेतला आन गोळी तळहातावर ठेवली.

"भागम्मा, ही लिथियमची गोळी हाय. तुझ्या डोक्यासाठी हाय. तू पडलीस की मला घर खायाला उठतंय, म्हणून चोरून दिली. घेतीस का?"

"कानडीत बी सांगा."

कानडीत बी सांगितलं.

मी घेतली.

आता रोज तसंच चालतंय. गोळी तळहातावर, नाव सांगून, दोन्ही भाषेत. आता कंटाळा येतो मला, एका भाषेत सांगितलं तरी चालंल, पण हे ऐकत न्हाईत. डोकं जागेवर हाय. संध्याकाळी खलबत्ता बी वाजतो. चटणी ताटात येते, मीठ बरोबर असतंय, शैलश्री म्हणती की लई चांगली होती. मी ती वाटीत काढून बाजूला ठेवते, मंग ताट धुऊन पाणी पिते. जमतच न्हाई, काय करू? मडिवाळप्पा ती वाटी उचलतेत आन उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकतेत. प्रसाद हाय, टाकता येत न्हाई.